एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतोय? आधी हवा तपासा, मग गॅस

एसी थंड करेनासा होतो. मेकॅनिक येतो, दाब मोजणारं गेज लावतो, काटा खाली दिसतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो, भरतो आणि जातो. काही महिने बरे जातात, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तीच तक्रार आणि पुन्हा तोच उपाय. अनेकांना हे आता नेहमीच्या सर्व्हिसिंगसारखंच वाटू लागलंय.

पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कॉम्प्रेसर, बाहेरची कॉइल, कॅपिलरी किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा अरुंद भाग), आतली कॉइल आणि परत कॉम्प्रेसर, अशा बंद वर्तुळात तो फिरत राहतो. फ्रिजमध्येही हेच चक्र असतं आणि त्यात वर्षानुवर्षं कोणी गॅस भरत नाही. त्यामुळे दर हंगामात गॅस भरावा लागत असेल तर शक्यता मुख्यतः दोन. एक तर कुठेतरी लीकेज आहे आणि ते कोणी शोधलेलं नाही. नाहीतर गॅस मुळात कमी नव्हताच, दोष हवेच्या प्रवाहात होता आणि गेजचा काटा बघून चुकीचं निदान झालं. दुसरी शक्यता लोक फारच कमी धरतात.

तिचा एक सोपा पुरावा बघा. गॅस भरायला आलेल्या माणसाने त्याच भेटीत जाळी धुतली, कॉइलवर जेट पंपाने पाणी मारलं आणि मग गॅस ‘टॉप-अप’ केला असेल, तर फरक नेमका कशाने पडला? बऱ्याचदा पाण्याने पडलेला असतो आणि बिल गॅसचं होतं.

एकच काटा, दोन आजार

कमी हवा आणि कमी गॅस यांत गोंधळ का होतो ते आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं निदान त्यावरच उभं आहे.

आतल्या कॉइलमध्ये गॅस द्रवरूपात येतो आणि खोलीतल्या हवेची उष्णता घेऊन उकळतो. तो किती तापमानाला उकळतो हे दाब ठरवतो. कॉइलवरून पुरेशी हवा गेलीच नाही, तर उकळायला उष्णता मिळत नाही. कॉम्प्रेसर मात्र ओढतच राहतो, त्यामुळे सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर ओढतो त्या बाजूचा, दाब खाली येतो. गॅस कमी असला तरी दाब खाली येतो, फक्त कारण वेगळं असतं. विजेचा प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवरही दोन्हीकडे अँपिअर कमीच दिसतात. म्हणून नुसत्या गेजवरून किंवा नुसत्या अँपिअरवरून दिलेल्या निकालावर माझा विश्वास नाही.

आकड्यांत सांगतो (आर-३२, आर-४१०ए, आर-२२ ही एसीतल्या गॅसची नावं, पीएसआय हे दाबाचं एकक). आर-३२ साठी सुमारे १०३ पीएसआय गेज दाब म्हणजे कॉइलमध्ये ० अंश सेल्सिअस. आर-४१०ए साठी तेच तापमान सुमारे १०१ पीएसआयला, तर जुन्या आर-२२ मध्ये साधारण ५८ ला येतं. याच्या खाली दाब गेला की कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतला ओलावा तिच्यावर गोठू लागतो.

आता समजा, आर-३२ च्या मशीनवर काटा १०३ वर आहे. आउटडोअरजवळ, आतल्या कॉइलकडून परत येणाऱ्या जाड पाइपला तापमानाचा क्लॅम्प लावला आणि तो १८ अंश दाखवतोय. म्हणजे गॅस ० अंशाला उकळून संपला आणि पुढे १८ अंशांपर्यंत तापला. या फरकाला सुपरहीट म्हणतात. १८ अंश सुपरहीट म्हणजे कॉइल उपाशी आहे, तिच्यात द्रव पुरेसा पोहोचतच नाही. इथे गॅस कमी असेल किंवा वाटेत चोक, म्हणजे अडथळा, असेल. तोच काटा, तेच १०३, पण जाड पाइप २ अंशांवर असेल तर सुपरहीट जेमतेम २. कॉइल द्रवाने भरलेली आहे, पण तो उकळवायला हवा मिळत नाही. अशा मशीनमध्ये आणखी गॅस टाकला तर काटा वर येईल, मालकही खूश होईल, पण न उकळलेला द्रव थेट कॉम्प्रेसरकडे जाईल. कॉम्प्रेसर वायू दाबण्यासाठी बनलेला असतो. द्रव दाबला जात नाही, व्हॉल्व्ह तुटतात आणि तेल पातळ होतं.

साध्या, एकाच वेगाने चालणाऱ्या मशीनमध्ये ५ ते १० अंशांच्या आसपासचं सुपरहीट समाधानकारक मानायला हरकत नाही. बाहेरच्या उष्णतेनुसार ते सरकतं, म्हणून एका अंशावरून भांडू नये.

गेज न लावता काय कळतं

गेज लावणं हे मेकॅनिकचं काम. पण घरच्या माणसाला एक थर्मामीटर आणि थोडा धीर एवढ्यावर बरंच कळू शकतं.

जाळी धुऊन, वाळवून बसवा. कूलिंग मोड, सगळ्यात कमी तापमान, पंखा जोरात, असं ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग एसीत वरून शिरणाऱ्या हवेचं आणि झडपेतून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक ८ ते १२ अंशांचा असेल तर सहसा ठीक. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी येतो, कारण मशीनची बरीच ताकद ओलाव्याचं पाणी करण्यात जाते. ड्रेनमधून भरपूर पाणी येत असेल तर काळजी करू नका.

खरी मेख अशी की गॅस कमी असेल तर हा फरक कमी होतो, हवा कमी असेल तर तो वाढतो. झडपेजवळ हात धरला तर हवा बर्फासारखी गार, पण झुळूक इतकी मंद की पलंगापर्यंत पोहोचतच नाही? मग गॅसचा विषय सोडा आणि ब्लोअरकडे बघा. हवा जोरात येते पण जेमतेम ४-५ अंशांनीच गार? मग गॅस, चोक किंवा कॉम्प्रेसर. आणि फरकही नीट आहे, झोतही नीट आहे, तरी खोली गार होत नसेल, तर मशीन निर्दोष आहे. वरच्या मजल्याचं तापलेलं छप्पर, उघडी फट किंवा खोलीच्या मानाने अपुरं टनेज हा वेगळा प्रश्न आहे.

आता बर्फाकडे येऊ. ‘कॉइलवर बर्फ धरतो म्हणजे गॅस कमी’ हे वाक्य इतक्या ठामपणे सांगितलं जातं की त्यावर शंका घ्यायचं कोणाला सुचत नाही. बर्फ दोन्हींमुळे धरतो. मात्र तो सुरू कुठून होतो, यात फरक आहे. गॅस कमी असेल तर जिथून गॅस कॉइलमध्ये शिरतो, तेवढ्याच दोन-चार नळ्यांवर पांढरा थर येतो आणि उरलेली कॉइल कोरडी, जवळजवळ खोलीइतकी उबदार राहते. हवा कमी असेल तर थर कॉइलभर सारखा पसरतो आणि जाड पाइपवरून बाहेर आउटडोअरपर्यंत पोहोचतो. अडचण एवढीच, की सात-आठ तास मशीन तसंच चाललं की पहिल्या प्रकारातही बर्फ वाढत वाढत सगळी कॉइल झाकतो आणि हवा अडवतो. मग दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. म्हणून गोठलेल्या एसीवर निदान करूच नये. कूलिंग बंद करा, नुसता पंखा चालू ठेवून बर्फ पूर्ण वितळू द्या, खाली पाण्यासाठी काहीतरी ठेवा आणि मग कूलिंग सुरू करून पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत बर्फ कुठे उगवतो ते बघा. सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडणाऱ्यांनी कॉइलला भोक पाडून खरंखुरं लीकेज तयार केल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

बाहेरच्या पाइपांवरूनही हेच वाचता येतं. भिंतीवरच्या बहुतेक स्प्लिट एसींमध्ये कॅपिलरी किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्ह आउटडोअरमध्येच असतो, म्हणून बारीक आणि जाड दोन्ही पाइप थंड असायला हवेत, जाड पाइपला घाम सुटलेला असावा. बारीक पाइपवर बर्फ आणि जाड पाइप कोरडा, कोमट असेल तर गॅस कमी असण्याकडे कल. जाड पाइपच बर्फाने मढलेला असेल तर आधी हवा. डक्टवाल्या सिस्टिममध्ये एक्सपान्शन व्हॉल्व्ह आतल्या कॉइलजवळ असतो, तिथे बारीक पाइप कोमटच असतो. तो कोमट बघून घाबरायचं कारण नाही.

हवा कुठे अडते

जाळी सगळ्यांना माहीत आहे, ती दर दोन आठवड्यांनी धुवावी हेही माहीत आहे, धुणं न धुणं ज्याच्या त्याच्या हातात. जाळी स्वच्छ असूनही झोत मंद असेल तर बहुतेक वेळा दोषी ब्लोअर असतो. आत लांब नळकांड्यासारखं जे चाक फिरतं, त्याच्या बारीक वळणदार पात्यांत ओलसर धूळ बसून घट्ट होते. ठासून भरलेला चमचा कितीही फिरवला तरी नवीन काही उचलत नाही, तसं त्या पात्यांचं होतं. मोटर पूर्ण वेगात, आवाजही नेहमीचा, हवा मात्र निम्मी. वरवरच्या सर्व्हिसिंगमध्ये हे चाक धुतलंच जात नाही, कारण त्यासाठी ड्रेन ट्रे काढावा लागतो आणि तेवढा वेळ कोणाकडे नसतो. झडपेतून टॉर्च मारून पात्यांकडे बघा. कडा स्पष्ट न दिसता काळपट लोकरीसारखं काही दिसलं तर उत्तर मिळालं.

साध्या एसी (अल्टरनेटिंग करंटवरच्या) मोटरच्या पंख्याचा कॅपेसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा विद्युत भाग, उतरला तर पंखा फिरतो पण रेंगाळत. कॅपेसिटर मीटरवर लेबलच्या आकड्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त घट दिसली तर बदलून टाका, स्वस्त वस्तू आहे. वीज बंद केल्यावरही कॅपेसिटरमध्ये चार्ज राहतो. ज्यांना तो सुरक्षितपणे उतरवता येत नाही, त्यांनी कव्हर उघडू नये. डीसी मोटरच्या नव्या मशीनमध्ये हा कॅपेसिटर नसतो, तिथे बोर्ड किंवा मोटर बघावी लागते.

कॉइलच्या पुढच्या बाजूला पाणी मारून ती चकचकीत दिसते, पण पत्र्यांच्या खोलीत चिकटलेला थर तसाच राहतो. स्वयंपाकघराच्या जवळच्या एसीत तेलकट थर असतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही, कॉइल क्लीनर लागतो. पत्रे दाबले गेले असतील तर फिन कंगव्याने सरळ करता येतात.

डक्टच्या सिस्टिमचा ठोकताळा असा, की दर टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा. दमट भागात मुद्दाम ३५० च्या आसपास ठेवतात, म्हणजे ओलावा जास्त निघतो. छतात चेपलेला लवचीक डक्ट, सोफ्यामागे गेलेली रिटर्न ग्रिल, ‘न वापरणाऱ्या’ खोल्यांच्या बंद केलेल्या झडपा, या सगळ्यांनी प्रवाह घटतो. झडपा बंद करून वीज वाचत नाही, कॉइल गोठते.

बाहेरच्या युनिटची हवा अडली तर चित्र उलटं असतं. दाब वर, अँपिअर वर. दुपारी मशीन ट्रिप होतं आणि रात्री शहाण्यासारखं चालतं. कॉइल धुवा, पंख्याचा वेग बघा आणि बाहेर फेकलेली गरम हवा भिंतीला आपटून परत आत ओढली जात नाही ना, हे तपासा. लोखंडी पिंजरा आणि वर ताडपत्री घालून ‘संरक्षण’ केलेली आउटडोअर युनिट्स बहुतेक याच आजाराची.

गॅस खरोखरच कमी असेल तर

आधी एक गैरसमज. मशीन बंद असताना गेजवर भरपूर दाब दिसतो म्हणून ‘गॅस फुल आहे’ असं सांगितलं जातं. आत द्रवाचा थोडासा जरी अंश शिल्लक असेल, तरी बंद मशीनचा दाब केवळ तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-३२ जवळपास २६५ पीएसआय दाखवेल, मग आत पूर्ण गॅस असो वा निम्मा. या वाचनाचा उपयोग वेगळाच आहे. तापमानाच्या मानाने दाब बराच जास्त दिसला, तर आत हवा शिरलेली आहे, म्हणजे आधीच्या कोणीतरी व्हॅक्यूम न करता, आतली हवा पंपाने न काढताच, गॅस भरलेला आहे.

इन्व्हर्टर एसीत तर चालू मशीनचा दाबही भरवशाचा नसतो, कारण कॉम्प्रेसर आपला वेग सतत बदलतो. कंपनीने दिलेल्या टेस्ट मोडमध्ये स्थिर वेगावर आणूनच वाचन घ्यावं. किती गॅस आहे हे सांगणारी खात्रीची रीत एकच. सगळा गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढा, वजन करा आणि नेमप्लेटवरच्या वजनाशी ताडून बघा. नेमप्लेटचं वजन ठरावीक लांबीच्या पाइपासाठी असतं, त्यापुढच्या दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. काढलेलं वजन बरोबर निघालं आणि तरी सुपरहीट जास्त होतं, तर दोष चोकचा आहे.

चोकचा एक प्रकार ओळखू येण्यासारखा आहे. मशीन काही वेळ छान गार करतं, मग अचानक थंडावा जातो, बंद करून तासाभराने लावलं की पुन्हा काही वेळ छान. आत राहिलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि बंद केल्यावर वितळतो. यावर गॅस भरणं हा उपायच नाही. ओलावा शोषणारा फिल्टर ड्रायर बदलणं आणि खोल व्हॅक्यूम हाच उपाय.

लीकेज शोधताना आधी डोळे वापरावेत. गॅसबरोबर थोडं तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा, चिकट डाग बनतो. सगळ्यात जास्त वेळा तो फ्लेअर जोडांवर (पाइपचं तोंड पसरवून नटाने कसलेल्या जोडांवर) सापडतो. आउटडोअरच्या दोन व्हॉल्व्हवर आणि इनडोअरच्या मागे, इन्सुलेशन टेपच्या आत. तिथे हात घालायचा कंटाळा केला जातो. फ्लेअर कमी कसला तरी गळतो, जास्त कसला तरी तांबं चिरतं, म्हणून ठरलेल्या जोरानेच कसणारा टॉर्क रेंच हवा. त्यानंतर सर्व्हिस पोर्टची, म्हणजे गेज लावायच्या तोंडाची, पिन. गेज काढल्यावर साबणाचा फेस लावून बघा आणि पितळी टोपी घट्ट लावा, खरं सील तीच करते. टोपी हरवलेला पोर्ट दरवर्षीच्या गॅसचं कारण असू शकतो. पुढे एकमेकांवर घासणारे पाइप, कॅपिलरीचे वेटोळे आणि कॉइलची यू-वळणं.

काहीच सापडलं नाही तर कोरड्या नायट्रोजनने नेमप्लेटवरच्या मर्यादेत दाब देऊन फेस लावायचा आणि वाट बघायची. दाब भरल्यावर तापमानही लिहून ठेवा. ४०० पीएसआय भरून तापमान १० अंशांनी उतरलं तर सुमारे १४ पीएसआय नुसतेच कमी होतात, ते लीकेज नसतं. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही नाही. कॉम्प्रेसरच्या तेलाशी तो दाबाखाली भेटला की स्फोट होतो.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (आत उरलेल्या दाबाचं अगदी बारीक माप), तोही मायक्रॉन गेजवर बघून. नेहमीच्या गेजच्या (मॅनिफोल्डच्या) काट्याला तेवढं बारीक वाचताच येत नाही. पंप वेगळा केल्यावर आकडा वाढून एका जागी थांबला तर ओलावा शिल्लक आहे, वाढतच राहिला तर गळती अजून आहे. मग वजन काट्यावर गॅस. आर-४१०ए सारखं मिश्रण असेल तर द्रवरूपातच, हळूहळू.

आर-३२ हळू पेटणारा असला तरी ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनच. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही आणि गॅस असलेल्या पाइपवर ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने जोडकाम, अजिबात नाही. फ्लोरीनयुक्त गॅस ज्योतीत सापडला की हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. गॅस हवेत सोडून मोकळं होणंही बरं नाही. आर-४१०ए चा तापमानवाढीचा प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट आणि आर-३२ चा ६७५ पट धरला जातो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीत असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं ते याचसाठी.

इनडोअर कॉइलमध्येच सुईच्या टोकाएवढी भोकं पडली असतील तर एक भोक ब्रेझ करून फार काळ निभत नाही. रंग, चिकटपदार्थ, सफाईची रसायनं यांतून निघणारी सेंद्रिय आम्लं ओलाव्याबरोबर तांबं आतून पोखरतात, आणि एक भोक दिसतं तेव्हा आणखी काही वाटेवर असतात. अशा वेळी कॉइल बदलावी. मशीन बरंच जुनं असेल तर नव्या कॉइलचा खर्च त्यात घालावा का, हे आधी ठरवावं.

मेकॅनिकला बोलावताना ‘गॅस भरायला या’ असं सांगू नका, ‘थंड होत नाही’ एवढंच सांगा. आल्यावर त्याच्याकडून चार आकडे लिहून घ्या. एसीत शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानाचा फरक, सक्शन दाब, जाड पाइपचं तापमान आणि भरलेल्या गॅसचं वजन ग्रॅममध्ये. पुढच्या वर्षी दुसरा कोणी आला तरी त्याला सुरुवात करायला हे चार आकडे पुरतात.